काटा कोणाचा

आमच्या भागात जवळजवळ कुणाच्याच स्कूटरचा पेट्रोलचा काटा चालत नसे. कुणाचा काटा बारा महिने भरलेल्या टाकीवर बोट ठेवून उभा, तर कुणाचा कायमचा तळाला झोपलेला. कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या गाडीचा काटा तर इंडिकेटर लावला की त्याच्या तालावर मान डोलवायचा. लोकांनी मग आपापले उपाय काढले होते. निघण्याआधी स्कूटर दोन्ही हातांनी धरायची, गदागदा हलवायची आणि सीटशी कान नेऊन आतलं पेट्रोल डुबुकतंय का ते ऐकायचं. सकाळी कामावर जायच्या वेळी एखादा नवखा माणूस आमच्या रस्त्यावर आला असता, तर त्याला वाटलं असतं की इथले लोक रोज आपापल्या गाड्यांना खांद्याला धरून झोपेतून उठवतात.

याला कारण माझे सासरे आणि त्यांचा धाकटा भाऊ.

स्कूटर दुरुस्तीचं गॅरेज आमच्याकडे एकच, ते या दोघांचं. सासरे वायरिंग बघत, धाकटे इंजिन. दिवा, हॉर्न, इंडिकेटर, बॅटरी, फ्यूज हे सासऱ्यांचं. ब्रेक, क्लच, कार्ब्युरेटर, टाकी हे धाकट्यांचं. अशी वाटणी कुठल्याही गॅरेजात असते आणि तिच्यामुळे कुणाचं काही अडत नाही. इथे अडलं ते फक्त पेट्रोलच्या काट्यापाशी. काटा असतो हँडलवर आणि त्याला करंट लागतो, म्हणजे तो वायरिंगवाल्याचा. पण तो हलतो टाकीतल्या फ्लोटमुळे. फ्लोट म्हणजे पेट्रोलवर तरंगणारी, लिंबाएवढी पोकळ डबी. पेट्रोल उतरलं की ती उतरते, तिच्या दांडीमुळे करंट कमीजास्त होतो आणि वर काटा सरकतो. ही डबी टाकीच्या आत, म्हणजे इंजिनवाल्याची. मग काटा कोणाचा?

या एका प्रश्नावरून दोन सख्खे भाऊ कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

सासऱ्यांना सगळे 'टेस्टर' म्हणत. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर असायचा आणि कुठल्याही धातूच्या वस्तूला हात लावण्याआधी ते तिला आधी टेस्टर लावत. कपाटाची मूठ, नळ, फ्रीजचं दार, दुसऱ्याच्या घराचं फाटक, काहीही. आमच्या ऑफिसच्या एका कार्यक्रमात कौतुकाने त्यांच्या हातात माइक दिला, तर बोलायच्या आधी त्यांनी माइकला टेस्टर लावला. तो काही पेटला नाही. मग ते समाधानाने "नमस्कार" म्हणाले आणि खाली बसले. गंमत म्हणजे स्कूटरच्या बारीकशा बॅटरीवर हा टेस्टर पेटतच नाही. स्कूटरसाठी त्यांच्याकडे दोन वायरी जोडलेला एक छोटा बल्ब होता. टेस्टर हे त्यांचं अवजार नव्हतंच, तो स्वभाव होता.

मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा सासूबाई पाणी घेऊन आल्या, बायकोने ओळख करून दिली आणि सासरे उठून खाली गेले. मला वाटलं, काहीतरी खायला आणायला गेले. बऱ्याच वेळाने ते वर आले ते माझ्या स्कूटरमधला वायरीचा एक तुकडा हातात घेऊन. जोडावर सेलोटेप होती.

"हे कुणी केलं?"

"मीच," मी म्हणालो. म्हणताना मला थोडासा अभिमानही वाटला होता.

त्यांनी फक्त आपल्या मुलीकडे पाहिलं. एखाद्याला मोठा आजार निघाल्यावर घरची माणसं पाहतात, तसं.

धाकटे म्हणजे यांच्या अगदी उलट. त्यांना लोक 'पाना' म्हणत. देहाने आडवेतिडवे, हात कोपरापर्यंत काळे, तोंडात सतत कुठल्यातरी गाण्याची गुणगुण. ते गाडी कानाने ओळखत आणि पटलं नाही तर एक ठोसा देत. ठोशाने गाडी सुरूही व्हायची. सासऱ्यांचा यावर फार राग. "सुरू झाली, पण का झाली ते सांग ना," असं ते म्हणायचे. धाकटे म्हणायचे, "दादा, तुला गाडी हवीय की कारण?"

असे दोघं मजेत होते. मग एका रविवारी दोघं गॅरेजच्याच जुन्या स्कूटरवर बसून मावसबहिणीकडे जेवायला निघाले. बायका बसने पुढे गेल्या होत्या. काटा अर्ध्या टाकीवर होता. गावाबाहेरच्या उघड्याबोडक्या चढावर, जिथे सावलीला एक झाडसुद्धा नाही, गाडी खोकली आणि बंद पडली. टाकी कोरडी ठणठणीत. काटा अजून अर्ध्यावरच.

"फ्लोट अडकलाय तुझा," सासरे म्हणाले.

"फ्लोटला काय धाड भरलीय? काटा मेलाय तुझा."

"माझा काटा मरत नसतो."

"आणि माझा फ्लोट अडकत नसतो."

चढ लांब होता. एकाने हँडल धरलं, दुसऱ्याने मागून ढकललं. निम्म्या चढापर्यंत तोंडं चालू होती, मग दम लागल्यामुळे बंद झाली, आणि वर पोचल्यावर पुन्हा सुरू झालीच नाहीत. मावसबहिणीकडे पोचेपर्यंत बायका जेवून हात पुसत होत्या. हे दोघं दोन टोकांना बसले, जेवले, आणि परतताना एकजण बसने आला. त्या आठवड्यात गॅरेजच्या मधोमध प्लायवूडचं पार्टिशन उभं राहिलं.

तेव्हापासून सासरे टाकीच्या झाकणाला हात लावेनात आणि धाकटे वायरीला बोट लावेनात. काटा बिघडलेली गाडी आली की सासरे सांगत, "पलीकडचं काम." पलीकडे नेली की धाकटे सांगत, "वायरीचं आहे, अलीकडे न्या." गिऱ्हाईक दोन-तीनदा इकडून तिकडे ढकलत नेई, मग कंटाळून घरी जाई आणि गाडी हलवून ऐकायला शिके. आमच्या भागातले काटे असे एकेक करून मेले.

घर मात्र एकच होतं आणि स्वयंपाकघरही एकच, कारण दोघी जावांनी भांडायला साफ नकार दिला. "तुमच्या काट्यापायी मी दुसरा गॅस मांडणार नाही," असं सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. काकूंना, म्हणजे धाकट्यांच्या बायकोला, एकच गोष्ट लागली होती. त्यांचा नवरा आयुष्यभर दादाला अरेतुरे करत आला, आणि भांडण झाल्यापासून तो दादालाच 'अहो-जाहो' करू लागला. तेही दुसऱ्याच्या तोंडून. "त्यांना सांगा, पंखा बंद करा." काकू म्हणायच्या, "शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. हा मान कसला देतोय मेला!"

अशात गावात नवी नर्स आली. घरोघरी जाऊन बाळंतिणींना बघायचं, बाळांची वजनं घ्यायची, इंजेक्शनं द्यायची, असं तिचं काम. सगळे तिला सिस्टर म्हणत. उंच, मोठ्या आवाजाची, आणि 'नाही' हा शब्द फक्त दुसऱ्याला सांगण्यासाठी असतो अशा समजुतीची बाई. स्कूटरच्या पायाशी पिशवी, पिशवीत बाळं तोलायचा काटा.

मी त्या दिवशी गॅरेजात होतो तो सासूबाईंनी थर्मास देऊन पाठवलं म्हणून. तेवढ्यात सिस्टर स्कूटर ढकलत आली. घामाने निथळत होती. पार्टिशनच्या अगदी तोंडाशी, म्हणजे अर्धं चाक अलीकडे आणि अर्धं पलीकडे, तिने गाडी स्टँडवर लावली.

"इथे गाड्या दुरुस्त होतात ना?"

दोन्हीकडून "हो" आलं.

"मग ऐका. ब्रेक दाबला की पुढचा दिवा मंद होतो. हॉर्न दाबला की सर्दी झाल्यासारखा वाजतो. इंडिकेटर लावला की पेट्रोलचा काटा नाचतो, आणि नाचत नसतो तेव्हा टाकी अर्धी आहे म्हणून सांगतो. आत्ता अर्धी टाकी दाखवत होता आणि मी पोस्टापासून ढकलत आले. हा बघा." तिने पिशवीतला वजनकाटा बाहेर काढून सीटवर आदळला. "हाही काटाच आहे. बाळ दूध पिऊन आलं तरी सांगतो. आणि तुमचा?"

"आमचा नाही तो," सासरे म्हणाले. "पलीकडचा आहे. टाकीचं काम पलीकडे."

पलीकडून आवाज आला, "त्यांना सांगा, काटा नाचतो म्हणजे वायरीचं आहे."

"त्याला सांगा, नाचतो ते माझं. खोटं बोलतो ते त्याचं."

सिस्टरने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं. दोघंही तिला दिसत होते. ते एकमेकांपासून हातभर अंतरावर होते, मध्ये फक्त प्लायवूड.

"कुणाला सांगू?" ती म्हणाली. "त्यांना ऐकू येत नाही का?"

मी थर्मासचं झाकण उघडलं आणि परत लावलं.

सिस्टरने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, पार्टिशनच्या टोकाशी ठेवलं आणि दोन्ही पाय पसरून बसली. "मी घरोघरी जाते. सासू एका खोलीत, सून दुसऱ्या खोलीत, मध्ये पाळणा. असली प्रकरणं मला नवी नाहीत. मी इथून उठणार नाही. आधी तुमचं करा काका, मग त्यांचं."

मोठ्या आवाजाच्या बाईपुढे सासऱ्यांचं काही चालत नसे, हे मला घरून माहीत होतं. त्यांनी गाडी बाहेर उन्हात घेतली, पुढचं पत्र्याचं कव्हर उघडलं आणि आपला बल्ब काढला. एक टोक बॅटरीला, दुसरं एकेका जोडाला लावत ते वायरीवरून पुढे सरकू लागले. नाक जवळजवळ वायरीला टेकलेलं. मला वाटायचं, ही त्यांची एकाग्रता.

थोड्या वेळाने ते उठले आणि गंभीरपणे म्हणाले, "बाई, तुमच्या गाडीत अर्थ नाही."

सिस्टर ताडकन उभी राहिली. "अर्थ नाही म्हणजे? मी काय भंगार चालवतेय? गावात यायच्या आधीच सर्व्हिसिंग केलंय!"

"अर्थिंग हो, अर्थिंग," मी घाईघाईने मध्ये पडलो.

सासऱ्यांनी बोट दाखवलं. सगळ्या दिव्यांच्या, हॉर्नच्या आणि काट्याच्या परतीच्या वायरी एका बोल्टला येऊन मिळतात, गाडीच्या सांगाड्याला. तो बोल्ट गंजून भाकरीच्या करपलेल्या कडेसारखा झाला होता. परतीची वाट बंद, म्हणून एकाचा करंट दुसऱ्यात घुसत होता. ब्रेकचा दिव्यात, इंडिकेटरचा काट्यात. "घर एकच, दार एकच, आणि दार उघडत नाही. मग सगळे एकमेकांच्या खोलीतून जाणार," सासरे म्हणाले. सिस्टर प्लायवूडकडे बघून "हो का?" म्हणाली. सासऱ्यांनी ते ऐकलं नाही, किंवा ऐकलं नाही असं दाखवलं.

त्यांनी बोल्ट काढला, पॉलिश पेपरने चकचकीत घासला आणि परत आवळला. तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की हँडल वळताना घासून घासून तिथल्या दोन वायरी सोलवटल्या आहेत. खराब झालेला भाग कापून टाकून त्यांनी दोन्ही नव्याने जोडल्या, जोडाला डाग दिला, टेप गुंडाळली. सेलोटेप नव्हे. मग माझ्याकडे एकदा पाहून घेतलं.

"आता लावा चावी. ब्रेक दाबा."

सिस्टरने ब्रेक दाबला. हॉर्न वाजला. सर्दी पार गेलेली होती, चांगला खणखणीत. समोरच्या दुकानातला माणूस दचकून बाजूला झाला.

"हॉर्न दाबा," सासरे म्हणाले.

हॉर्न दाबला. आवाज काही नाही, मागचा लाल दिवा लागला.

"म्हणजे आता मी थांबायचं असलं की ओरडायचं," सिस्टर म्हणाली, "आणि ओरडायचं असलं की लाजायचं."

रस्त्यावरचे दोघे-तिघे हसले. सासरे हसले नाहीत. "असं होऊच शकत नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी टेप सोडली, जोड उकलले, पुन्हा बघून बघून जोडले. पुन्हा ब्रेक दाबला, पुन्हा हॉर्न. या वेळी समोरचा दुकानदार तयारीत होता, तो हलला नाही. मी सासऱ्यांकडे पाहिलं तर त्यांच्या कपाळावर घाम होता. असलं काम ते डोळे मिटून करत. दोन वायरींची अदलाबदल ही चूक त्यांनी दुसऱ्या कुणाची पाहिली असती तर महिनाभर घरात त्याच गोष्टी सांगितल्या असत्या.

आणि माझ्या लक्षात आलं की पलीकडची गुणगुण थांबली आहे.

धाकटे प्लायवूडला वळसा घालून बाहेर आले. या बाजूला त्यांचा पाय इतक्या वर्षांत पडला नव्हता. हात फडक्याला पुसत ते दादाच्या शेजारी उकिडवे बसले, थोडा वेळ नुसते बघत राहिले, आणि म्हणाले,

"दादा, तू काळी समजून निळी धरलीयस."

सासरे सवयीने माझ्याकडे वळले. "त्याला सांगा, मला कळतं काळी कुठली ते."

"ते इथेच आहेत," मी म्हणालो.

सासऱ्यांनी समोरच्या दोन वायरींकडे पुन्हा एकदा पाहिलं. एक निळी होती, दुसरी काळी, मला रस्त्यापलीकडूनही ओळखता आली असती. मग अगदी हळू आवाजात, आम्हाला ऐकू जाऊ नये अशा बेताने, त्यांनी विचारलं, "मग काळी कुठली रे?"

धाकट्यांनी वायरीला बोट लावलं. "ही."

जोड बदलला. ब्रेक दाबला, मागचा दिवा लागला. हॉर्न दाबला, हॉर्न वाजला. सिस्टर पुढे झाली, पिशवीतून छोटा टॉर्च काढला आणि सासऱ्यांची हनुवटी धरून, लहान मुलाची धरतात तशी, वर केली.

"वर बघा. आता इकडे. काका, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. चांगला पिकलाय. कधीपासून दिसत नाहीये?"

"दिसतंय की. गॅरेजात उजेड कमी आहे."

"दादा, तू रस्त्यावर उन्हात बसलायस," धाकटे म्हणाले.

तेव्हा मला एकेक गोष्ट उमगू लागली. नाक वायरीला टेकवणं. सासूबाईंना रोज विचारणं, "हा शर्ट कुठला गं?" पेपर वाचता वाचता मध्येच पान उलटं धरणं आणि "यात काही राम नाही" म्हणून ठेवून देणं. बरेच दिवस ते वायरी रंगावरून ओळखतच नव्हते, कुठली कुठून येते त्या जागेवरून ओळखत होते. सिस्टरच्या गाडीत ती जागाच कुणीतरी आधी बदलून ठेवली होती.

"आधी गाडी पूर्ण करू," सासरे उठत म्हणाले. सिस्टरच्या हातून हनुवटी सुटल्याने त्यांना धीर आला होता.

काटा आता नाचत नव्हता, पण सिस्टरने कोपऱ्यावरून बाटलीभर पेट्रोल आणून ओतलं तरी तो तळाला आडवा पडून होता. सासऱ्यांनी सीट उचलली, टाकीवरून येणाऱ्या वायरींचा कपलर, म्हणजे जोड, सोडवला आणि त्याच्या दोन टोकांमध्ये वायरीचा एक तुकडा घातला. चावी फिरवताच काटा झुळकन भरलेल्या टाकीवर जाऊन उभा राहिला.

"म्हणजे इथपर्यंत सगळं नीट," ते म्हणाले आणि बाजूला झाले. पुढचं त्यांनी बोलून दाखवलं नाही. धाकट्यांना ते कळलं होतं. त्यांचा चेहरा पडला.

त्यांनी टाकीचं तोंड उघडलं, फ्लोट बाहेर काढला आणि कानाशी धरून हलवला. आतून पेट्रोलचा आवाज आला. डबीला केसाएवढी चीर होती. त्यातून पेट्रोल आत जाऊन ती जड झाली होती, आणि तरंगायचं सोडून तळाला बसली होती. चिरीबद्दल काही न बोलता गुपचूप नवी बसवली असती तर त्या दिवशी कुणाला कळलं नसतं. सासऱ्यांना तर नक्कीच दिसलं नसतं.

"फुटलाय," धाकटे म्हणाले. "फ्लोट फुटलाय, दादा."

सासऱ्यांनी हात पुढे केला, फ्लोट घेतला, आपल्याही कानाशी हलवून ऐकला. "पण काटा नाचत होता आणि अर्धी टाकी दाखवत होता तो अर्थिंगनेच," ते म्हणाले.

"म्हणजे दोघांचाही," सिस्टर म्हणाली. "तरीच मला पोस्टापासून ढकलायला लागलं. आता नवीन फ्लोट बसवा, मला तीन बाळं तोलायची आहेत."

धाकट्यांनी फ्लोट बसवायला घेतला. मध्येच थांबून म्हणाले, "त्या चढावर, दादा..."

"आधी सिस्टरचं पुरं कर," सासरे म्हणाले.

ती जुनी गाडी केव्हाच भंगारात गेली होती. तिच्यात फ्लोट अडकला होता की काटा मेला होता हे आता कुणालाच कळणार नव्हतं. पण त्या दिवसापासून दोघं ते एकमेकांना पटवायला लागले, आणि अजून पटवताहेत. प्लायवूड निघालं, त्याची धाकट्यांनी हत्यारं ठेवायला फळी केली. गॅरेजात सकाळपासून संध्याकाळपर्यंत इतका आरडाओरडा सुरू झाला की समोरचा दुकानदार एकदा विचारायला आला, "सगळं ठीक आहे ना? पूर्वी तुमच्याकडे किती शांतता असायची."

घरी दोघी जावा जरा नाराजच झाल्या. इतकी वर्षं दोन भावांमधला प्रत्येक निरोप त्यांच्या हातून जायचा. काय पोचवायचं, काय गाळायचं, कशात स्वतःचे चार शब्द घालायचे ते त्या ठरवायच्या. आता भाऊच थेट बोलू लागल्यावर त्यांना नवऱ्यांच्या तोंडून बातम्या ऐकाव्या लागू लागल्या. "अधूनमधून एखादं छोटं भांडण असावं," काकू सासूबाईंना म्हणाल्या. "माणसाला काही कामच उरत नाही."

डोळ्यांच्या ऑपरेशनला सिस्टरच घेऊन गेली. सासऱ्यांनी दवाखान्याच्या पलंगाला टेस्टर लावून पाहिला, मगच झोपले. पट्टी काढली तेव्हा समोर धाकटे उभे होते. सासऱ्यांनी त्यांच्याकडे बराच वेळ टक लावून पाहिलं.

"अरे, तुझे केस कधी पिकले?"

"तू बघायचास कुठे," धाकटे म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

पण खरी पंचाईत त्यानंतर झाली. सासरे गॅरेजात आले, आणि निळी निळी दिसतेय, हिरवी हिरवी दिसतेय म्हणून दिवसभर लहान मुलासारखे वायरी काढून बघत बसले. संध्याकाळी एकदम त्यांचा चेहरा उतरला. डोळे अधू असताना त्यांनी ज्या ज्या गाड्या केल्या होत्या, त्यांचं काय? दुसऱ्या दिवसापासून दोघं भाऊ रस्त्याच्या मध्ये उभे राहून येणारी-जाणारी प्रत्येक स्कूटर अडवू लागले. धाकटे हात आडवा करायचे, सासरे चाव्या काढून घ्यायचे. लोकांना आधी वाटलं, वर्गणी आहे. बहुतेकांच्या गाड्या नीट निघाल्या. शिंप्याचा काटा सुधारला, तर शिंपी म्हणाला, "सवय गेली. आता इंडिकेटर लावलाय हे मला कळत नाही." काहींचा नव्या काट्यावर विश्वासच बसेना, ते अजून गाडी हलवून ऐकतात आणि वर काट्याकडे बघून "बरोबर सांगतोय" म्हणतात.

शेवटी अडकल्या गाण्याच्या बाई. त्यांच्या गाडीत सासऱ्यांनी डाव्या-उजव्या इंडिकेटरची अदलाबदल करून ठेवली होती. डावं बटण दाबलं की उजवा दिवा. सासऱ्यांनी कपाळाला हात लावला आणि कव्हर उघडायला घेतलं. बाईंनी त्यांचा हात धरला.

"हात लावायचा नाही. मला आता सवय झालीय. डावीकडे जायचं असलं की मी उजवं दाबते, बरोबर दिवा लागतो. तुम्ही नीट केलंत तर मी कुणाच्यातरी अंगावर जाईन."

"पण बाई, हे चूक आहे."

"असू दे. माझं बसलंय."

सासरे त्या रात्री नीट जेवले नाहीत. धाकट्यांनी समजूत घातली, सासूबाईंनी घातली, मीही एक वाक्य बोलून पाहिलं आणि सेलोटेपची नजर खाऊन गप्प बसलो. एखाद्या दिवशी बाई घाईत असतील, चुकून सरळ बटण दाबतील, मग मागचा काय समजेल, हे त्यांच्या डोक्यातून जाईना.

गाण्याच्या बाई रोज सकाळी शिकवणीला जातात. बाजाराच्या टोकापर्यंत वळणंच वळणं आहेत. हल्ली त्या निघाल्या की थोडं अंतर ठेवून मागून एक स्कूटर निघते. पुढे सासरे, डोळे बारीक करून बाई कुठे वळतात ते बघत. मागे धाकटे. बाई वळू लागल्या की सासरे ओरडतात, "उजवीकडे!" आणि धाकटे आपला काळा, जाडजूड हात उजवीकडे लांब करून मागच्या सगळ्या जगाला दाखवतात.